दोन सलग फ्रेम, एकच भिंत, दोन रंग : कलर फिल्म निवडायला निघालेल्या एका नवशिकीचं प्रकरण

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाचीने सेकंडहँड पेंटॅक्स के-१००० हा जुना फिल्म कॅमेरा घेतला. ती पुण्यात आर्किटेक्चर शिकते, फोनवर फोटो चांगले काढते, चौकटीत काय ठेवायचं आणि काय नाही याची जाण तिला आहे. फिल्मबद्दलची तयारी मात्र सगळी रील्स बघून झालेली. गोल्ड २०० म्हणजे उबदार, पोर्ट्रा ४०० माणसांसाठी, एक्टार १०० निसर्गासाठी, सिनेस्टिल ८००टी रात्रीसाठी. प्रत्येकीचा एकेक रोल काढायचा, शेजारी शेजारी ठेवून बघायचा आणि ‘आपली’ फिल्म ठरवायची, असा बेत.

गणपतीच्या सुमारास ती रोल धुऊन, स्कॅन करून माझ्याकडे आली ती थेट निकाल घेऊनच. “मामा, गोल्डला हिरवा रंग जमत नाही. एक्टारवर माणसं विटकरी दिसतात. पोर्ट्राचं उगाच कौतुक करतात. आणि सिनेस्टिल म्हणजे नुसतं निळं.”

तिने स्कॅन लॅपटॉपवर दाखवले, आणि ती म्हणत होती तसंच दिसत होतं. पावसाळ्यातला सिंहगड गोल्डवर मातकट झालेला. पर्वतीवर काढलेला मैत्रिणीचा चेहरा पोर्ट्रावर राखाडी, दाणेदार. त्यामुळे तिचं निरीक्षण खोटं म्हणता येत नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की त्या रंगांपैकी किती फिल्मचे होते. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण फिल्मकडे नव्याने वळणारी बरीच मुलं नेमक्या याच ठिकाणी अडकतात आणि पुढचे महाग रोल चुकीच्या कारणासाठी विकत घेतात.

रिक्षाची फ्रेम

तिच्या गोल्डच्या रोलमध्ये सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या दोन सलग फ्रेम होत्या. पहिलीत चुन्याची भिंत आणि लाकडी दार. दुसरी त्याच जागेवरून काढलेली, फक्त मध्ये एक रिक्षा येऊन थांबलेली, तिचं पिवळं हूड अर्ध्या चौकटीभर. आभाळ तसंच झाकोळलेलं, दोन्हींत काही सेकंदांचं अंतर. पहिल्या स्कॅनमध्ये भिंत सायीसारखी पिवळट. दुसऱ्यात तीच भिंत स्पष्ट निळसर.

एकाच रोलच्या शेजारशेजारच्या दोन फ्रेममध्ये फिल्मचा स्वभाव बदलत नसतो. प्रकाशही बदलला नव्हता. मग बदललं काय?

तिने निगेटिव्ह लॅबमधून परत आणले होते, हे नशीब. हल्ली बरेच जण स्कॅनची लिंक आली की निगेटिव्ह आणायलाही जात नाहीत. खालून उजेड देणाऱ्या लाइट टेबलवर ती पट्टी ठेवली, दोन्ही फ्रेमवर काळा कागद ठेवून फक्त भिंतीचा तुकडा उघडा ठेवला आणि लूपमधून, म्हणजे छोट्या भिंगातून, बघितलं. दोन्हीकडचा तुकडा हुबेहूब सारखा. तोच नारिंगी मास्क (कलर निगेटिव्हची मूळची नारिंगी झाक), तीच घनता. म्हणजे फिल्मने भिंत दोन्ही वेळा एकसारखीच टिपली होती. फरक पडला तो स्कॅनरमध्ये.

लॅबमधले नोरित्सू किंवा फुजीचे फ्रंटियर स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा रंग आपापला ठरवतात. यामागची कल्पना जुनी आहे. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी १९४०च्या दशकात मांडलं, की कुठल्याही सर्वसाधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र घोटले तर सरासरी जवळपास करडी निघते. मग प्रिंट काढताना ती सरासरी करडी येईपर्यंत रंग सरकवायचा, की बहुतेक फोटो ठीक येतात. घरगुती फोटोंचे कोट्यवधी प्रिंट जगभर याच हिशोबाने निघाले. हिशोब कोसळतो तो चौकटीत एकाच रंगाची बहुसंख्या असली की. रिक्षाच्या हूडने सरासरी पिवळी केली, यंत्राने ती करडी करायला निळा ओतला, आणि बिचारी भिंत निळी झाली. सिंहगडाचंही तेच. श्रावणातल्या डोंगरावर हिरव्याशिवाय दुसरं काय असणार? यंत्राला वाटलं फोटोवर हिरवी झाक आहे, त्याने मॅजेंटा वाढवला आणि गवत मातकट झालं. त्याच फ्रेममध्ये एका ट्रेकरचा पांढरा शर्ट होता, तो गुलाबी झालेला. गोल्डला हिरवा जमत नसता, तर पांढऱ्या शर्टाने काय घोडं मारलं होतं?

मिनीलॅबच्या भरभराटीच्या काळात यंत्रापुढे बसणारा ऑपरेटर प्रत्येक फ्रेम क्षणभर बघून यलो, मॅजेंटा, सायन आणि डेन्सिटीची बटणं दाबायचा. मुरलेला ऑपरेटर हिरवा डोंगर ओळखून यंत्राला आवरायचा. आज ती नजर कमी लॅबमध्ये उरली आहे आणि स्कॅन बहुतांशी ऑटोवरच निघतो. यात मी लॅबला दोष देत नाही. रोजच्या गिऱ्हाइकाला उजळ, नेटका फोटो हवा असतो आणि ऑटो तो देतं. पण चार फिल्मची तुलना ऑटो स्कॅनवरून करायची, तर ती तुलना स्कॅनरच्या अंदाजांची होते.

राखाडी चेहरा

पोर्ट्राचं प्रकरण वेगळं निघालं. तिथे स्कॅनर निर्दोष होता. मैत्रीण पर्वतीच्या पायऱ्यांवर, मागे पांढरंफट्ट आभाळ. लाइट टेबलवर ती फ्रेम इतकी पातळ होती, की चेहऱ्याच्या जागी नुसता नारिंगी मास्कच दिसत होता, तपशील जवळपास शून्य. फ्रेम अंडर होती, म्हणजे तिला उजेड कमी पडला होता, आणि सावळ्या चेहऱ्यापुरती चांगली दोनेक स्टॉपने अंडर (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट).

के-१०००चा उजेड मोजणारा मीटर साधा आहे. सबंध चौकटीत येणाऱ्या उजेडाची सरासरी घेतो आणि सुई मध्ये आणायला सांगतो. मागे आभाळ असलं, की तो आभाळालाच मान देतो. कलर निगेटिव्हची गंमत अशी, की ती ओव्हरला दोन-तीन स्टॉप सहज पोटात घालते, पण अंडरला तिच्याकडे माफी नाही. सावलीतल्या भागावर पुरेसा उजेडच पडला नाही, तर तिथे रंगद्रव्य तयार होत नाही. स्कॅनर मग नसलेल्या तपशिलाला ओढून उजळ करतो आणि वर येतात ते दाणे आणि हिरवट-राखाडी चिखल. पोर्ट्राचा सगळा लौकिक त्वचेच्या मृदू छटांसाठी आहे. त्या छटा निगेटिव्हवर उतरल्याच नव्हत्या, तर दिसणार कुठून?

इथे एक जुना हिशोबही सांगायला हवा. अमेरिकेत लॅबची यंत्रं जुळवण्यासाठी कोडॅक जी संदर्भपत्रं पाठवायचं, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. कार्डावरची पहिली मॉडेल शर्ली, म्हणून ती ‘शर्ली कार्ड’ याच नावाने ओळखली गेली. १९५०च्या दशकापासून कित्येक वर्षं ‘बरोबर’ त्वचा म्हणजे ती त्वचा, असं समीकरण होतं. गडद त्वचेचे तपशील नीट यावेत म्हणून फिल्म सुधारायचा रेटा आला, त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारीही होत्या, कारण त्यांच्या मालातले गडद फरक फिल्मवर एक होऊन जात. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रिया असलेली कार्डं आली ती १९९०च्या दशकात. पोर्ट्रा बाजारात आली १९९८मध्ये, म्हणजे या सुधारणा झाल्यानंतर. आजची फिल्म सावळ्या चेहऱ्याला न्याय देऊ शकते. मीटर मात्र अजूनही आपल्यालाच सांभाळावा लागतो.

तिला मी एकच युक्ती दिली. चेहऱ्यावर पडतो तोच उजेड आपल्या तळहातावर घ्यायचा, कॅमेरा जवळ नेऊन तळहातावरून मीटर वाचायचा आणि त्याहून एक स्टॉप जास्त उघडायचा. माणूस गोरा असो की सावळा, तळहात साधारण सारखाच उजळ असतो, मीटर ज्याला प्रमाण मानतो त्या करड्या कार्डापेक्षा सुमारे एक स्टॉप वर. त्यामुळे हे बहुतेक सगळ्यांना चालतं. आणि शंका आली, की ओव्हरच्या बाजूला चूक करायची.

दुसरी फेरी

तिच्या वहीत प्रत्येक रोलचं नाव, जागा, हवा सगळं लिहिलेलं होतं. शटर आणि अॅपर्चर कुठेच नव्हतं. तेव्हा दुसऱ्या फेरीत आधी वहीचे रकाने बदलले आणि मग मांडणी.

माझ्याकडे पेंटॅक्सच्याच माउंटची दुसरी बॉडी आहे. एकीत गोल्ड, दुसरीत पोर्ट्रा. पन्नास एमएमची लेन्स एकच, ती या बॉडीवरून त्या बॉडीवर लावायची. प्रत्येक जागी पहिली फ्रेम करड्या कार्डाची, त्याच उजेडात. नंतर दृश्य, दोन्ही फिल्मवर, आधी मीटरने सांगितलेलं, मग एकेक स्टॉपच्या शिडीने वर तीनपर्यंत आणि खाली दोनपर्यंत. गोल्डचा मीटर २००वर, पोर्ट्राचा ४००वर. दोन्ही रोल एकाच लॅबला, एकाच वेळी. कलर निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सियसला सव्वातीन मिनिटं चालतो, फिल्म १००ची असो की ८००ची, त्यामुळे दोन्ही रोल एका रसायनातून जाऊ शकतात. रसायन थकलेलं असेल तर रंग सरकतो, पण मग दोन्हींचा सारखा सरकतो.

स्कॅनसाठी लॅबला विनंती केली, की ऑटो करेक्शन बंद ठेवा, सबंध रोलला एकच सेटिंग लावा. काउंटरवरच्या माणसाने सरळ सांगितलं, “असं घाण दिसेल, मग आम्हाला बोलू नका.” दिसायला ते स्कॅन खरंच कळाहीन होते, फिके आणि एका बाजूला कललेले. पण कार्डाची फ्रेम उघडून ते कार्ड करडं होईल एवढीच दुरुस्ती केली आणि तीच दुरुस्ती त्या उजेडातल्या बाकी सगळ्या फ्रेमवर चिकटवली, तेव्हा पहिल्यांदा दोन फिल्म खऱ्या अर्थाने समोरासमोर उभ्या राहिल्या.

जागा निवडली महात्मा फुले मंडई. सकाळची वेळ, गाळ्यांवर ताडपत्रीची सावली, बाहेर ऊन. मिरच्या, दोडके, केळी, भाजीवाल्या मावशींचं हिरवं लुगडं, त्यांचा हसरा सावळा चेहरा. मीटरने सांगितलेल्या फ्रेममध्ये दोन्ही फिल्म बघून ती थोडी हिरमुसलीच. “एवढाच फरक?”

एवढाच. गोल्डचा कॉन्ट्रास्ट थोडा चढा, उजळ भागात पिवळसर झाक, ताडपत्रीखालची सावली लवकर काळी पडलेली. पोर्ट्रावर मावशींच्या गालापासून मानेपर्यंतचा उतार सलग, कपाळावरच्या चकाकीतही रंग शिल्लक. मिरचीचा हिरवा दोन्हींत जवळपास एक. शिडीच्या टोकांना मात्र फरक बोलायला लागला. दोन स्टॉप अंडर गोल्डवर ताडपत्रीखालचं सगळं तपकिरी चिखल, पोर्ट्रावरही वाईट, पण थोडं कमी. दोन स्टॉप ओव्हर गोल्ड छान, किंबहुना मीटरने सांगितलेल्यापेक्षा छान. तीन स्टॉप ओव्हर गोल्डच्या पांढऱ्यात पिवळा साचायला लागला, पोर्ट्राने हूं की चूं केलं नाही.

माझ्या मते नवशिक्याने पोर्ट्राचे जादा पैसे मोजावेत ते या सैलपणासाठी, रंगासाठी नाही. ज्याचा मीटरवर हात बसला आहे, त्याला उन्हातल्या गोल्डमध्ये फारसं काही कमी पडत नाही. रील्समधला तो फिका, पुदिन्यासारखा हिरवा ज्यांना हवा असतो, त्यांच्यासाठी वेगळी बातमी आहे. तो बहुतेक वेळा फुजीच्या प्रो ४००एचचा, तोही भरपूर ओव्हर करून फ्रंटियरवर स्कॅन केलेला. ती फिल्म २०२१मध्ये बंद झाली.

एक्टार आणि झेंडू

चार निकालांपैकी फिल्मबद्दलचा खरा निकाल एकच होता, एक्टारचा. २००८मध्ये आलेली ही फिल्म अतिशय बारीक दाण्याची आणि गडद, भरगच्च रंगांची. सावळ्या-गव्हाळ त्वचेत मुळातच तांबूस छटा असते, एक्टार ती फुगवते. थोडी जरी अंडर झाली, तर सावल्या निळ्या होतात आणि चेहरा विटकरी. नंतर नीट एक्स्पोज करूनही हा कल दिसला, फक्त सौम्य. त्यामुळे “माणसांसाठी वाईट” हे विधान मी “माणसांसाठी सांभाळून” एवढंच सैल करेन.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात तिने याच फिल्मवर झेंडूचे ढीग काढले. स्कॅनवर फुलं म्हणजे एकच सपाट नारिंगी गोळा, पाकळी म्हणून दिसेना. तिने फिल्मवर फुली मारायला घेतली, मी निगेटिव्ह मागितला. निगेटिव्हवर झेंडू दाट निळा दिसतो, आणि त्या निळ्यात पाकळ्यांच्या कडा, मधल्या सावल्या, सगळं शाबूत होतं. स्कॅनच्या जेपीईजीमध्ये लाल चॅनल वरच्या टोकाला जाऊन आपटला होता, म्हणून गोळा. तीच फ्रेम डिजिटल कॅमेऱ्याने, मॅक्रो लेन्स आणि चांगल्या एलईडी पॅनलवर ठेवून रॉमध्ये पुन्हा टिपली, लाल थोडा आवरला आणि पाकळ्या उलगडल्या. झेंडू, गुलाल, कुंकू, भगवे फेटे या आपल्याकडच्या रंगांवर साध्या स्कॅनचं हे हमखास होतं. निगेटिव्ह बघितल्याशिवाय अशा फ्रेमला नापास करू नये.

रात्रीचं निळं

सिनेस्टिलबद्दल थोडक्यात. तिने रोलचा निम्मा भाग दिवसा काढला होता. ही फिल्म ३२०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) दिव्यांसाठी, म्हणजे सिनेमाच्या टंगस्टन लाइटसाठी बांधलेली. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिन, तो तिच्यावर निळाच येणार. ८५बी फिल्टर लावला तर दोन तृतीयांश स्टॉप जातो, पण रंग जागेवर येतो.

रात्रीच्या फ्रेमही तिला निळ्या वाटल्या, त्याचं कारण रस्त्यावर आहे. ‘रात्रीसाठी टंगस्टन फिल्म’ हा सल्ला पिवळ्या बल्बच्या काळातला. आता पथदिवे, दुकानं, मंडळांची रोषणाई, सगळीकडे एलईडी, आणि त्यांतले बरेच थंड पांढरे. त्यांच्याखाली ही फिल्म दिवसासारखीच निळी होते. दिव्यांभोवतीची लाल वलयं मात्र तिला भलतीच आवडली. ती का येतात हे माहीत असलेलं बरं. मूळ फिल्म कोडॅकची सिनेमासाठीची व्हिजन३ ५००टी. तिच्या पाठीवर वर्षानुवर्षं रेमजेट नावाचा काळा कार्बनचा थर असायचा, तो काढून सिनेस्टिल बनली. थर नसल्यामुळे तीव्र उजेड फिल्मच्या आरपार जातो, मागून परावर्तित होऊन परत येतो आणि सगळ्यांत खालच्या, लाल उजेड टिपणाऱ्या थराला आधी गाठतो. म्हणून वलय लालच.

जाता जाता: स्वस्तात मिळणारे, हाताने भरलेले सिनेमा-फिल्मचे रोल घेताना रेमजेट काढलेला आहे का हे विचारूनच घ्यावं. तो थर असलेला रोल नेहमीच्या सी-४१ यंत्रात गेला, तर काळा राप रसायनात उतरतो आणि मागून येणाऱ्यांचे रोलही नासतात. लॅबवाले अशा रोलला हात लावत नाहीत ते याचमुळे. त्याची धुण्याची पद्धत वेगळी, ईसीएन-२.

सध्या

ती आता मुख्यतः गोल्ड वापरते. मीटर २००ऐवजी १००वर ठेवते, म्हणजे एक स्टॉपची उशी आपोआप मिळते. डिसेंबरात घरात लग्न आहे, हॉलच्या मिश्र उजेडासाठी पोर्ट्रा ४००चे रोल फ्रिजमध्ये आहेत. ते बाहेर काढल्यावर डबीचं झाकण लगेच उघडायचं नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे, नाहीतर फिल्मवर दव धरतं. ऑटो स्कॅन तिने सोडलेले नाहीत. मित्रमंडळींना पाठवायला तेच घेते, आणि रंगावरून वाद झाला की निगेटिव्ह काढते.

तिच्या बॅगेत एक एक्टाक्रोम ई१००चा रोलही आहे. कोडॅकने ही स्लाइड फिल्म २०१२मध्ये बंद केली आणि २०१८मध्ये परत आणली. ती धुवायची पद्धत ई-६, आणि तिला सूट जेमतेम अर्ध्या स्टॉपची. निगेटिव्ह इतकं माफ करत असताना तिच्या जुन्या कॅमेऱ्याचं १/१००० शटर खरंच १/१००० आहे की १/५००च्या आसपास रेंगाळतं, हे आजवर कळायला मार्गच नव्हता. सध्या ती त्या रोलवर एकच गोष्ट काढते आहे: दुपारच्या उन्हात तीच चुन्याची भिंत, १/१०००पासून खाली अॅपर्चर पुरेल तिथपर्यंतच्या प्रत्येक शटर स्पीडवर, त्याला जुळतं अॅपर्चर ठेवून.